ई-सायकलचा बॅटरी पॅक कसा डिझाइन करतात? ४० सेलचं सोपं गणित आणि त्यातले धोके

जुन्या सायकलला हब मोटर लावून तिची ई-सायकल करणारे बरेच जण आता दिसतात. किट ऑनलाइन मिळतं, मागचं चाक बदललं की मोटर बसते, कंट्रोलरच्या वायर रंग बघून जोडता येतात. एवढं होईपर्यंत सगळं मजेत चालतं. मग प्रश्न येतो बॅटरीचा. तयार पॅक महाग वाटतो आणि व्हिडिओ बघून असं वाटायला लागतं की "सेल आणायचे, पट्टीने जोडायचे, वरून टेप गुंडाळायची, झालं!"

तसं ते होत नाही. जोडणं हे यातलं शेवटचं काम आहे. खरं काम त्याआधी कागदावर होतं, आणि ते दहावीपर्यंतचं विज्ञान आठवत असलेल्या कुणालाही जमतं. आज आपण तेच बघणार आहोत. पॅक तुम्ही स्वतः बनवा, दुकानदाराकडून बनवून घ्या किंवा तयार विकत घ्या, हे गणित तुमच्या हातात असलं की कुणी तुम्हाला फसवू शकणार नाही. आणि घरात रात्री सगळे झोपलेले असताना ही वस्तू चार्जिंगला लागणार आहे, म्हणून हे गणित बरोबर असणं गरजेचं आहे.

एमएएच विसरा, वॅट-अवर बघा

मोबाईल घेताना आपण "५००० एमएएच आहे का?" असं विचारतो. पण एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, कारण त्यात व्होल्टेज नसतं. ऊर्जा किती साठली हे सांगतात वॅट-अवर. सूत्र एकदम सोपं:

वॅट-अवर = व्होल्ट × अँपिअर-अवर

मोबाईलची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-अवर. गुणाकार केला की येतात साधारण १९ वॅट-अवर. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॅट-अवरची.

आता ई-सायकलचा मध्यम आकाराचा पॅक घ्या: ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर. म्हणजे ५०४ वॅट-अवर. तुमच्या मोबाईलच्या २६ बॅटऱ्या एका डब्यात! विमानात परवानगीशिवाय जास्तीत जास्त १०० वॅट-अवरची बॅटरी नेता येते. आपला पॅक त्याच्या पाचपट आहे. तेव्हा ही वस्तू पॉवर बँकेचा मोठा भाऊ समजून हाताळायची नाही.

पायरी १: आधी तुमची गरज लिहून काढा

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही कोथरूडला राहता आणि ऑफिस हिंजवडीला आहे. एका बाजूने साधारण १५ किलोमीटर, म्हणजे रोज ३० किलोमीटर. मोटर २५० वॅटची, कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. (आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी ताकद, २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असलेल्या गाडीला मोटार वाहन मानत नाहीत, त्यामुळे नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. किट घेताना ही मर्यादा लक्षात ठेवा.)

थोडं पेडल मारत चालवलं तर अशी सायकल किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-अवर खाते. चढ, समोरचा वारा, हवा कमी असलेला टायर आणि नुसता थ्रॉटल यांनी हा आकडा वाढतो. आपण १२ धरू.

३० किलोमीटर × १२ = ३६० वॅट-अवर.

म्हणजे ३६० चा पॅक पुरेल? नाही. लिथियम-आयन सेल रोज शून्यापर्यंत रिकामा केला तर लवकर म्हातारा होतो. शिवाय दोन वर्षांनी क्षमता कमी होणारच. म्हणून पॅकचा फक्त ८० टक्के भाग रोज वापरायचा असं ठरवू. ३६० ला ०.८ ने भागलं की येतात ४५० वॅट-अवर. ही आपली किमान गरज. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: व्होल्टसाठी एकसर जोडणी

ई-सायकलच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचे सेल असतात. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. २१७०० हा त्याचा थोडा मोठा भाऊ, २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा.

अशा एका लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज सरासरी ३.६ असतं. पूर्ण भरला की ४.२, आणि रिकामा होत ३ च्या आसपास आला की थांबायचं. शाळेत शिकलेली एकसर जोडणी आठवा: एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला. व्होल्टची बेरीज होते.

१० सेल × ३.६ = ३६ व्होल्ट. आपल्या मोटरला हवं तेवढं.

हाच पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होताना ३० कडे येतो. "३६ व्होल्टचा पॅक मीटरवर ४२ कसा दाखवतो?" असा प्रश्न पडला तर घाबरू नका, ते बरोबर आहे. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये १३ सेल एकसर असतात आणि तो भरल्यावर ५४.६ व्होल्ट होतो. हे दोन आकडे, ४२ आणि ५४.६, चार्जरच्या वेळी परत येणार आहेत.

पायरी ३: रेंजसाठी समांतर जोडणी

१० सेल एकसर जोडले, पण प्रत्येकाची क्षमता ३.५ अँपिअर-अवर. म्हणजे ३६ × ३.५ = १२६ वॅट-अवर. हिंजवडीला पोचलात तर नशीब. म्हणून प्रत्येक जागी एकाऐवजी अनेक सेल समांतर लावायचे. समांतर जोडणीत व्होल्ट तेवढेच राहतात आणि अँपिअर-अवरची बेरीज होते.

- ३ समांतर: १०.५ अँपिअर-अवर, ३७८ वॅट-अवर. आपल्या ४५० ला कमी पडतं.
- ४ समांतर: १४ अँपिअर-अवर, ५०४ वॅट-अवर. जमलं.
- ५ समांतर: १७.५ अँपिअर-अवर, ६३० वॅट-अवर. चालेल, पण वजन आणि खर्च वाढतो.

म्हणून आपण निवडला १० एकसर, ४ समांतर. एकूण ४० सेल. बाजारात यालाच "टेन-एस फोर-पी" म्हणतात. एक सेल साधारण ५० ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेल २ किलो. डबा, वायर, पट्ट्या धरून अडीच ते तीन किलो.

इथे एक बारीक गोष्ट. सेलच्या जाहिरातीत लिहिलेला आकडा आणि डेटाशीटमधला किमान आकडा वेगळे असतात. उदाहरणार्थ, सॅमसंगचा ३५ई हा सेल ३५०० एमएएचचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची किमान क्षमता ३३५० आहे. त्या हिशोबाने पॅक ४८२ वॅट-अवरचा होतो. तरीही तो ४५० च्या वर आहे, म्हणून आपलं गणित टिकलं. डिझाइन करताना नेहमी किमान आकडा धरा.

पायरी ४: करंट, जिथे बहुतेक जण चुकतात

रेंजचं गणित सगळे करतात. करंटचं फार कमी जण करतात, आणि पॅक गरम होतो तो इथेच.

मोटरवर २५० वॅट लिहिलं असलं तरी चढावर कंट्रोलर थोडा वेळ त्याहून जास्त ओढतो. कंट्रोलरच्या स्टिकरवर कमाल करंट लिहिलेला असतो. आपण १५ अँपिअर धरू. ३६ × १५ म्हणजे ५४० वॅट, लिहिलेल्या आकड्याच्या दुप्पट!

हे १५ अँपिअर ४ समांतर सेलमध्ये वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ अँपिअर. ३५ई सेल सतत ८ अँपिअर देऊ शकतो. म्हणजे आपण त्याच्याकडून निम्म्याहून कमी काम करून घेतोय. छान.

आता कुणी म्हणालं, "मला रोज दहाच किलोमीटर जायचंय, २ समांतर पुरे." रेंज पुरेल, पण प्रत्येक सेलवर ७.५ अँपिअर येतील. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की प्रत्येक सेलमधली उष्णता चौपट होते. सेलचा आतला रोध ३५ मिलिओहम धरला तर ३.७५ अँपिअरला एक सेल साधारण अर्धा वॅट तापतो, ७.५ अँपिअरला जवळपास २ वॅट. बंद डब्यात, मे महिन्याच्या उन्हात, चढावर! लहान पॅक हवाच असेल तर जास्त करंट देणारा सेल निवडावा लागतो. सॅमसंगचाच २५आर सेल २० अँपिअर देतो, पण त्याची क्षमता २५०० एमएएचच आहे. जास्त क्षमता आणि जास्त करंट यांत निवड करावी लागते. १८६५० मध्ये दोन्ही एकाच वेळी भरपूर मिळत नाहीत.

पायरी ५: सेल कुठले घ्यायचे?

१८६५० सेलवर "९९०० एमएएच" लिहिलेलं दिसलं की तिथून काढता पाय घ्या. नावाजलेल्या कंपन्यांचे ई-सायकलला वापरले जाणारे सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतात. घरचा वजनकाटा इथे कामाला येतो. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमचा सेल असेल तर आत माल कमी आहे, सरळ गोष्ट.

दुसरा मोह म्हणजे जुन्या लॅपटॉपचे सेल. भंगारात स्वस्त मिळतात, बरेचसे चालूही असतात. अडचण अशी की कुठला सेल किती म्हातारा झालाय हे बाहेरून कळत नाही. बैलगाडीला एक तरणा बैल आणि एक थकलेला बैल जुंपला, तर गाडी थकलेल्या बैलाच्याच चालीने जाते, आणि त्याचेच हाल होतात. एकसर जोडणीत अगदी तसंच होतं. कमजोर गट सगळ्यात आधी रिकामा होतो, सगळ्यात आधी भरतो आणि दोन्ही वेळी तोच मर्यादेबाहेर ढकलला जातो. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटरीच्या आगींमध्ये १८ जणांचा जीव गेला. वापरलेल्या बॅटऱ्यांतून काढलेल्या सेलपासून पॅक बनवायला त्या शहराने त्याच वर्षी कायद्याने बंदी घातली.

म्हणून नियम साधा ठेवा: सगळे सेल नवे, एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच बॅचचे. आणि समांतर जोडण्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज मल्टिमीटरने तपासायचं. एक ४.१ व्होल्टचा आणि एक ३.५ व्होल्टचा सेल समांतर जोडला, तर जोडल्या क्षणी एकातून दुसऱ्यात मोठा करंट धावतो.

पायरी ६: जोडणी आणि इन्सुलेशन

सेलला थेट सोल्डर करायचं नाही. सोल्डरिंग गनची उष्णता सेलच्या आतल्या सीलपर्यंत पोचते. त्यासाठी स्पॉट वेल्डिंग असतं: निकेलची पट्टी सेलवर ठेवून क्षणभर मोठा करंट सोडतात आणि पट्टी चिकटते. पट्टी शुद्ध निकेलची हवी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली स्टीलची पट्टी तशीच दिसते, पण तिचा रोध जास्त, म्हणजे ती तापते. ओळखायचं कसं? पट्टी खरवडा आणि मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. तांबेरा आला तर ते स्टील.

एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाताना १५ अँपिअर एकाच पट्टीतून जाऊ देऊ नका. ४ सेलसमोर ४ पट्ट्या असल्या की प्रत्येकीवर ३.७५ अँपिअरच येतात.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. सेलचं धन टोक म्हणजे फक्त मधलं बटण. त्याच्या भोवतीची कडा आणि बाहेरचा अख्खा डबा ऋण असतो. दोघांमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाशिवाय काही नसतं. निकेलची पट्टी त्या कडेवरून जाते. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे खात वर्षभर ती घासत राहिली, की आवरण फाटतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशनच्या कागदाची चकती लावतात, आणि सेल हलू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवतात. चकतीला काही पैसेच लागतात, पण पॅकमधली ती सगळ्यात महत्त्वाची वस्तू असू शकते.

पॅक तयार झाला की तो "बंद" करता येत नाही, हेही लक्षात घ्या. घरातल्या वायरिंगसारखा मेन स्विच खाली केला आणि काम केलं, असं इथे नसतं. ४२ व्होल्टचा झटका सहसा जीव घेत नाही, पण शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. बोटातली अंगठी, हातातलं कडं, धातूचं घड्याळ आधीच काढून ठेवायचं. पॅकच्या तोंडाशी फ्यूज हवाच. इथे कारचा साधा पाती फ्यूज लावू नका. तो ३२ व्होल्टपर्यंतचाच असतो. ५८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी लिहिलेला फ्यूज घ्या. आपल्या १५ अँपिअरच्या कंट्रोलरसाठी २० अँपिअरचा पुरतो.

पायरी ७: बीएमएस म्हणजे शेवटचा राखणदार

बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, हे एक छोटं सर्किट असतं. ते दहाही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं बघतं. एखादा गट ४.२ च्या फार वर गेला की चार्जिंग तोडतं, एखादा फार खाली गेला की मोटर तोडतं. जास्त करंट, शॉर्ट सर्किट आणि सेन्सर जोडला असेल तर तापमान, यांवरही लक्ष ठेवतं.

मी रोज कोड लिहितो, म्हणून त्या भाषेत सांगतो: बीएमएस म्हणजे प्रोग्रॅममधला एरर पकडणारा भाग. तो असायलाच हवा, पण प्रोग्रॅम रोज त्याच्याच भरवशावर चालत असेल तर मूळ डिझाइन चुकलंय. चार्जरने ४२ व्होल्टला स्वतः थांबायला हवं आणि कंट्रोलरने कमी व्होल्टेजला स्वतः. त्यांच्याकडून चुकलं तरच बीएमएसने मध्ये पडायचं.

त्याच्या मर्यादाही समजून घ्या. एक, गटातल्या चार सेलपैकी एखादा बिघडला तर बीएमएसला तो वेगळा दिसत नाही. त्याला फक्त गटाचं एकत्र व्होल्टेज कळतं. दोन, त्याचं "बॅलन्सिंग" खूप हळू असतं. स्वस्त बीएमएस ५० मिलिअँपिअरच्या आसपास बॅलन्स करतं. एखादा गट बाकीच्यांपेक्षा १ अँपिअर-अवरने मागे असेल तर फरक भरून काढायला २० तास लागतील. म्हणजे वाईट सेल घेतले तर चांगलं बीएमएस काही चमत्कार करणार नाही.

१० गटांसाठी बीएमएसच्या ११ बारीक वायर असतात. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरची काळी पिन पहिल्या वायरवर धरून पुढची एकेक वायर तपासायची. प्रत्येक पायरीला साधारण एका सेलएवढं व्होल्टेज वाढायला हवं: ३.६, ७.२, १०.८ असं. क्रम चुकला तर बीएमएस जळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालू आहे असं दिसतं आणि चुकीचं बघत बसतं.

पायरी ८: चार्जर

आपल्या पॅकला ४२ व्होल्टचाच लिथियम-आयन चार्जर लागतो. २ अँपिअरचा घेतला तर रिकामा पॅक साधारण ७ ते ८ तासांत भरतो आणि सेलवर ताणही येत नाही.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे दुसऱ्या पॅकचा चार्जर लावणं. ४८ व्होल्टच्या सायकलचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो, आणि त्याची पिन बऱ्याचदा तशीच असते! मोबाईलमुळे आपल्याला सवय झालीये की कुठलाही टाइप-सी चार्जर लावला तरी फोन आणि चार्जर आपसांत बोलून व्होल्टेज ठरवतात. ई-सायकलच्या साध्या चार्जरमध्ये असा संवाद नसतो. म्हणून घरात दोन वेगळे पॅक असतील तर त्यांना वेगळे कनेक्टरच लावा, म्हणजे चूक करायची ठरवली तरी होणार नाही.

आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंग नको. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्ज करण्याची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते. नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतलंच तापमान तिथे पोचतं. पॅक आत आणा, तासभर निवू द्या, मग लावा.

आग लागते म्हणजे नेमकं काय होतं?

एखादा सेल शॉर्टमुळे किंवा जास्त चार्जिंगमुळे ठराविक तापमानाच्या वर गेला, की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करू लागतात. त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात. मग जळणारे वायू बाहेर पडतात आणि शेजारचा सेल तापतो. असे एकामागून एक ४० सेल. बीएमएसने वायर तोडली तरी हे थांबत नाही, कारण आग सेलच्या आत आहे.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या लॉजमधल्या ८ जणांचा जीव गेला. धूर जिन्याने वर गेला होता. त्यानंतर केंद्राने एआयएस-१५६ या मानकातले बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. कंपन्यांना आता सेल, बीएमएस, चार्जर आणि एका सेलची आग पसरते का, या सगळ्यांच्या चाचण्या द्याव्या लागतात. आपण घरी बनवलेल्या पॅकची चाचणी कुणीच घेत नाही.

म्हणून चार्जिंगची जागा डिझाइनचाच भाग समजा. दाराजवळ, जिन्याखाली, पॅसेजमध्ये पॅक लावायचा नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. पलंगाखाली नाही, सोफ्यावर नाही. फरशीवर, मोकळ्या जागी, जागे असताना. पॅक फुगला, गोडसर किंवा केमिकलसारखा वास आला, फुसफुस आवाज आला तर त्याला हात न लावता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा.

एलएफपी: आपल्या हवेला जास्त मानवणारा पर्याय

लिथियम-आयनमध्येच एक वेगळं रसायन आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. ते जास्त तापमान सहन करतं, सहजासहजी पेट घेत नाही आणि जास्त वेळा चार्ज होतं. तोटा म्हणजे वजन.

याचा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून १२ एकसर लागतात: ३८.४ व्होल्ट. ३२७०० मापाचे ६ अँपिअर-अवरचे सेल २ समांतर लावले तर १२ अँपिअर-अवर, म्हणजे ४६० वॅट-अवर. आपली ४५० ची गरज भागली! सेल फक्त २४, पण नुसत्या सेलचं वजन साधारण साडेतीन किलो. म्हणजे दीड किलो जास्त. रोजच्या ऑफिसच्या सायकलला मी हाच पर्याय सुचवेन. फक्त बीएमएस आणि चार्जर एलएफपीचेच घ्या. त्याचा चार्जर ४३.८ व्होल्टचा असतो, आणि तो आधीच्या १० एकसरच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेल ४.३८ पर्यंत जाईल. हे धोक्याचं आहे.

मग स्वतः बनवायचा का?

माझं स्पष्ट मत: डिझाइन प्रत्येकाने करावं, वेल्डिंग प्रत्येकाने करू नये. स्पॉट वेल्डर, चांगला मल्टिमीटर, सेलची क्षमता मोजायचं यंत्र आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल, तर पहिला पॅक म्हणून ४० सेलला हात घालू नका. आणि आई-बाबा झोपतात त्याच खोलीत चार्ज करायची वेळ येणार असेल, तर चाचणी झालेला तयार पॅक घ्या. वाचलेले पैसे त्या जोखमीच्या मानाने किरकोळ आहेत.

पण दुकानात जाताना हे प्रश्न घेऊन जा:

- सेल कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या मॉडेलचा? डेटाशीट दाखवता का?
- किती एकसर, किती समांतर?
- सेल नवे आहेत की काढलेले?
- पट्टी शुद्ध निकेलची आहे का? धन टोकांवर चकत्या लावल्यात का?
- बीएमएस किती अँपिअरचं? तापमानाचा सेन्सर आहे का?
- फ्यूज कुठे आहे?
- चार्जर नेमका किती व्होल्टचा? बिल आणि वॉरंटी लेखी मिळेल का?

जो दुकानदार या प्रश्नांची शांतपणे उत्तरं देतो, त्याच्याकडे पैसे थोडे जास्त द्यायला हरकत नाही. जो "साहेब, टेन्शन घेऊ नका, एकदम भारी माल आहे" एवढंच म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढचं दुकान बघा.

आत्ता एवढंच करा: रोजचे किलोमीटर, किलोमीटरला वॅट-अवर, लागणारे एकूण वॅट-अवर, कंट्रोलरचा कमाल करंट आणि तुमच्या घरातली चार्जिंगची जागा. हे पाच मुद्दे एका कागदावर लिहा. पाचवा रिकामा राहिला, तर आधी जागा शोधा, बॅटरी नंतर.